दीड तास

मुलाच्या दुबईतल्या घरी, रात्रीची भांडी आवरून झाल्यावर, मी मोबाईलवर परतीच्या विमानाचं बघत होते. सामानाचं वजन, जेवण, खिडकीची जागा, सगळं झालं आणि मग, का कोण जाणे, बोटांनी आणखी दोन नावं लिहिली. मुंबई. कराची. उत्तर लगेच आलं: सरळ अंतर सुमारे ८७५ किलोमीटर, विमानाचा वेळ साधारण दीड तास. तिकिटं शोधली तर थेट विमान एकही नाही. सगळे वळसेच. त्यातला सोयीचा वळसा दुबईवरून, म्हणजे मी बसले होते त्याच शहरावरून.

तो दीड तास आज कुठल्याच विमानाचा नाही. अंतराला वेगानं भागायचं, चढण्या-उतरण्याची थोडी मिनिटं मिळवायची, की असा आकडा येतो. गणित बरोबर आहे. मुंबईहून दिल्ली हवाई मार्गानं ११४० किलोमीटरच्या आसपास, तिला दोन तास लागतात. कराची त्याहून जवळ, मग दीड तासच लागणार. पण मुंबई ते दुबई १९३० किलोमीटर, तिथून कराची आणखी ११९०. एकूण तीन हजारांच्या वर, सरळ वाटेच्या साडेतीन पट. हवेतले तास पाच, आणि मधल्या विमानतळावर बसून काढायचा वेळ धरला तर सात-आठ तास सहज.

हे आकडे मला पाठ आहेत. माझी आजी कराचीची.

आजी म्हणजे आईची आई. तिचे वडील मूळ मालवणकडचे. बंदराच्या कचेरीत कारकून म्हणून कराचीला गेले आणि तिथेच त्यांनी बिऱ्हाड केलं. आज कुणाला सांगितलं की लोक चमकतात. मराठी माणूस, आणि कराचीत? पण तेव्हा यात चमकण्यासारखं काही नव्हतं. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध घेतला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला, आणि १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा होईपर्यंत तो मुंबई इलाख्यातच होता. जवळजवळ नव्वद वर्षं. कोकणातून मुंबईला जाणारा माणूस ज्या सरकारच्या चाकरीत शिरत होता, त्याच सरकारच्या चाकरीत कराचीची जागा होती. बदली झाली की ट्रंक उचलायची आणि बोटीत बसायचं. कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज १८८७ मध्ये निघालं, तेही मुंबई विद्यापीठाला जोडलेलं. आणि त्या शहरातली सरकारी शाळा, १८५५ साली सुरू झालेली, आजही एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाते: नारायण जगन्नाथ वैद्य. कराचीकर तिला एन. जे. व्ही. म्हणतात. शाळेत जाणाऱ्या किती मुलांना त्या तीन अक्षरांमागचा माणूस ठाऊक असेल, कुणास ठाऊक. पण नाव टिकलं, याचं मला फार बरं वाटतं.

आजीची कराची मात्र या इतिहासातली नव्हती. तिची कराची म्हणजे बंदर रोडच्या मागची एक गल्ली, बंदर रोडवरून कियामारीच्या धक्क्यापर्यंत जाणारी ट्रॅम, आणि कियामारीहून होडीनं मनोरा. लहानपणी मला वाटायचं की मनोरा म्हणजे उंच इमारत, आजी सुट्टीत तिच्यावर चढायला जात असेल. ते एका बेटासारख्या जागेचं नाव होतं. तिथे समुद्राला लागून वरुणदेवाचं देऊळ. "अगो, वरुणदेवाचं देऊळ बघितलंयस कुठे दुसरीकडे?" असं ती विचारायची, आणि मी नाही म्हटलं की तिला समाधान वाटायचं. घरी भिंग हा मासा आणला की ती काटे काढता काढता सिंधूतल्या पल्ला माशाबद्दल बोलायची. हा त्याचाच भाऊबंद, पण तो नदीत चढून आलेला असायचा, त्याची चव न्यारी. ट्रॅमचंही तसंच. मुंबईची ट्रॅम १९६४ मध्ये बंद झाली, कराचीची १९७५ पर्यंत चालली. ही बातमी आजीला कुठून कळली होती देव जाणे, पण ती अकरा वर्षांची आघाडी तिला स्वतःची वाटायची.

मी सातवीत असताना भूगोलाच्या बाईंनी नकाशावर दोऱ्यानं अंतर मोजायला शिकवलं. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर किलोमीटर. मी मुंबई–नागपूर मोजलं, सात सेंटिमीटरला थोडं कमी. आजी शेजारी बसून शिवत होती. तिनं शिवणाच्या डब्यातला दोरा पुढे केला आणि म्हणाली, "आता कराची मोज." मी दोरा ताणून धरला. पावणेनऊ सेंटिमीटर.

"एवढंच?"

तिनं चष्मा वर केला आणि स्वतः पुन्हा मोजलं. दोऱ्याखाली काय काय येतं ते मी तिला वाचून दाखवलं, आणि पुढे मोठेपणी चांगला नकाशा घेऊन मी ते पडताळूनही पाहिलं. मुंबई सोडली की आधी समुद्र. मग दीवच्या जवळून दोरा सौराष्ट्रात शिरतो आणि गिरनारच्या अंगावरून जातो. पुढे कच्छचं आखात, पलीकडे नलियाच्या आसपासची कोरडी जमीन. मग सर क्रीक, ती ९६ किलोमीटरची दलदलीची खाडी, जिच्यातून सीमा नेमकी कुठून जाते यावर दोन देशांचं अजून एकमत नाही. त्यानंतर सिंधूच्या मुखाचे फाटे, आणि कराची. दोऱ्याचा बहुतेक भाग आपल्याच समुद्रावर आणि गुजरातवर पडलेला असतो. शेवटचे दीड-दोन सेंटिमीटर तेवढे पलीकडचे.

आजी कराचीहून आली ती बोटीनं. "दोन रात्री," एवढंच ती सांगायची. तिच्या लेखी अंतर म्हणजे दोन रात्री. कियामारीला संध्याकाळी चढायचं, तिसऱ्या दिवशी मुंबईचा धक्का. तिच्या वडिलांच्या काळात तेवढा प्रवास नेहमीचाच होता, गणपतीला, लग्नाला, कुणाच्या आजारपणाला लोक तसे जात-येत.

त्याच वाटेवर विमान प्रथम कधी आलं, ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण ते कुठून निघालं होतं इकडे लक्ष जात नाही. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं छोटं विमान कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून उचललं. सकाळचे साडेसहा वाजून गेले होते. लंडनहून आलेली डाक इंपीरियल एअरवेजनं कराचीपर्यंत आणलेली असायची. तिथून पुढे देशात ती वेगानं नेण्यासाठी ही सोय होती. बरोबर प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. अहमदाबादला ते उतरले. तिथे इंधन बैलगाडीतून डब्यांनी आणलेलं होतं. ते भरून पुन्हा उड्डाण, आणि दुपारी दोनच्या आत जुहूच्या मैदानावर. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी डाक पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. जुहूची जमीन खाजणाची, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी, त्यामुळे चार महिने कारभार पुण्याला हलवावा लागे.

साडेसहा ते दोन. सव्वासात तासांच्या आसपास, अहमदाबादचा थांबा धरून. आकाशातल्या वाटा सांगणारी यंत्रं नाहीत, खाली रेडिओवर बोलणारं कुणी नाही, एक माणूस आणि एक इंजिन. आणि आज दुबईवरून, हजारो किलोमीटर उडू शकणाऱ्या विमानात बसून, कराचीहून मुंबईला त्याहून कमी वेळात पोचणं कठीण. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कागदावर दोनदा हिशेब केला. १९८२ च्या १५ ऑक्टोबरला, पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी कराची ते मुंबई तेच उड्डाण पुन्हा केलं, लेपर्ड मॉथमधून. वर्तमानपत्रात फोटो आला होता. आजीनं तो कापून ठेवला. त्या फोटोत बघण्यासारखं तिच्यासाठी काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. एक म्हातारा माणूस तिच्या गावाहून सरळ इथे आला होता.

मधल्या काळात विमानं येत-जात होती, हे विसरता कामा नये. फाळणीनंतरही मुंबई–कराची विमानसेवा होती. मग १९६५ चं युद्ध. त्या युद्धात राजस्थान आणि सिंध जोडणारा मुनाबाव–खोखरापारचा रूळमार्ग तुटला आणि तो पुन्हा जोडला जायला २००६ उजाडलं. २०१९ मध्ये त्यावरची गाडीही थांबली. १९७१ मध्ये तुटलेली विमानसेवा १९७६ मध्ये जोडली गेली. २००२ आणि २००३ ही दोन वर्षं पुन्हा बंद. मग परत सुरू. पुढे मुंबई–कराची मार्गावर पाकिस्तानच्या सरकारी कंपनीचं विमान तेवढं येत राहिलं, आणि तेही काही वर्षांपूर्वी थांबलं. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आकाश जवळपास पाच महिने बंद ठेवलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं. दिल्लीहून युरोपला जाणारी भारतीय विमानं त्यामुळे खाली गुजरातपर्यंत येऊन अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. जगभरच्या प्रवाशांना जास्तीचे तास मोजावे लागले तेव्हा या वळशाची चर्चा झाली. आजीसारख्यांना तो कधीचाच पडला होता.

आजीची गोष्ट सांगताना मला एका शब्दाचा नेहमी त्रास होतो. परत. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली, आणि त्यानंतर काही आठवड्यांत आजीचं कुटुंब निघालं. मुंबईत गिरगावला चुलते होते, गावी मालवणला घर होतं. सगळे म्हणाले, बरं झालं, परत आलात. पण आजी परत आली नव्हती. ती जन्मली कराचीत, वाढली कराचीत. मालवण तिनं दोनदा पाहिलं होतं, मुंबईत तर ती पाहुणी म्हणूनच यायची. सिंधी कुटुंबं बोटीतून उतरली तेव्हा त्यांना निर्वासित म्हणाले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना जागा दिली, आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्यांचं काय गेलं ते निदान त्या शब्दात नोंदलं गेलं. आजीचं काय गेलं ते कुठेच नोंदलं गेलं नाही, कारण तिचं आडनाव मालवणचं होतं आणि ती आपल्या माणसांत आली होती. "आपल्याच घरी आलीस की," असं लोक प्रेमानंच म्हणत. त्यात कुणाची चूक मी धरत नाही. पण एकोणिसाव्या वर्षी घर सुटलेल्या मुलीला रडायला जागा लागते, आणि ती जागा त्या वाक्यानं घेतली.

एकदा आजी मला घेऊन उल्हासनगरला पडद्याचं कापड आणायला गेली. दुकानदार गिऱ्हाइकाशी आपल्या भाषेत बोलत होता, आणि आजीनं मधेच त्याला सिंधीत काहीतरी विचारलं. तो माणूस हातातली मोजपट्टी खाली ठेवून तिच्याकडे पाहत राहिला. मग दोघं बोलत सुटले. मला एक अक्षर कळत नव्हतं, फक्त नावं कळत होती: बंदर रोड, क्लिफ्टन, कियामारी. त्यानं आतून खुर्ची आणवली, आजीला बसवलं, माझ्या हातात मिठाईची बशी दिली. तीत रंगीत, काचेसारखा, चिवट कराची हलवा होता. (पलीकडेही असंच आहे म्हणे. तिथल्या घरांत बॉम्बे बिर्याणी शिजते.) घरी येताना लोकलमध्ये आजी खिडकीबाहेर बघत होती. तिला इतक्या भरभर, इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

१९७१ चं आठवण्याइतकी मी मोठी नव्हते. आई सांगते. खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावर अंधार. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटी कराचीपर्यंत गेल्या, चार दिवसांनी पुन्हा गेल्या, आणि कियामारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्याची बातमी आली. ४ डिसेंबर हा आता नौदल दिन म्हणून पाळतात. तेव्हा चाळीत पेढे वाटले. आजीनंही घेतला, देवापुढे ठेवला, मग खाल्ला. तिचा धाकटा दीर नौदलात होता आणि त्याच्यासाठी ती रोज दिवा लावत होती. रात्री आजोबांना ती एवढंच म्हणाली, "टाक्या ट्रॅमच्या टोकाजवळ होत्या." आजोबा काही बोलले नाहीत. आईला हे वाक्य पन्नास वर्षांनीही जसंच्या तसं आठवतं.

बँकेतल्या नोकरीत माझी चार वर्षं पालघर जिल्ह्यात गेली. तिथे एक बाई पैसे काढायला यायची, डहाणूकडच्या पाड्यावरची. नवऱ्याच्या नावाचं खातं होतं आणि सहीची अडचण होती. नवरा कुठे आहे, मी विचारलं. "कराचीला." पुण्याला आहे म्हणावं तशी म्हणाली. मला क्षणभर काही सुचेना. ओखा-पोरबंदरकडच्या बोटींवर पालघरचे आदिवासी आणि कोळी खलाशी म्हणून जातात, आठ-आठ महिने. मासळीच्या मागे जाताना बोट सीमेपलीकडे गेली, किंवा गेली असं पलीकडच्यांना वाटलं, की पकडतात, आणि माणूस कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. त्यांचे मच्छीमार आपल्याकडे असेच अडकतात. दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या याद्यांत मच्छीमारांचा मोठा आकडा असतो. ती बाई दोन तारखा पाळायची, आपण सण पाळतो तशा.

तिचा नवरा सुटून आला तेव्हा मी अजून तिथेच होते. तो बँकेत आला, खात्यावर सही केली, आणि कसा आलास विचारल्यावर सांगू लागला. कराचीहून लाहोर रेल्वेनं, बाराशे किलोमीटरच्या आसपास. तिथून वाघा. पायी सीमा ओलांडून अटारी. अमृतसरहून पुन्हा रेल्वे, मुंबईच्या दिशेनं, अमृतसर ते मुंबई हा रूळमार्ग जवळजवळ एकोणीसशे किलोमीटरचा. पकडला होता समुद्रात, आणि सोडला पंजाबात. डहाणूच्या माणसाला कराचीहून घरी यायला हिमालयाच्या बाजूनं यावं लागलं. मी त्याला विचारलं, बोटीनं किती लागले असते? तो खलाशी माणूस, त्यानं वर बघून मनातल्या मनात वारा आणि इंजिन मोजलं. "दोन रात्री," म्हणाला.

मी घरी जाऊन हे आजीला सांगितलं नाही. का नाही, ते आता आठवत नाही. बहुतेक तिला वाईट वाटेल असं वाटलं असेल. सांगायला हवं होतं.

२००५ च्या सुमारास वारं फिरलं होतं. क्रिकेटचे संघ येत-जात होते, रेल्वे सुरू होणार अशा बातम्या होत्या. मामानं आजीचा पासपोर्ट काढला. तेव्हा ती ७७ वर्षांची होती. फोटोसाठी तिनं नऊवारी नेसायची का गोल पातळ, यावर दोन दिवस चर्चा केली. मुंबईतली पाकिस्तानची वकिलात आणि कराचीतली आपली, दोन्ही नव्वदच्या दशकातच बंद झाल्या होत्या, त्यामुळे व्हिसासाठी दिल्ली. म्हणजे ८७५ किलोमीटरवर जायला आधी ११४० किलोमीटर दुसऱ्या दिशेला. शिवाय व्हिसा देशाचा मिळत नाही, शहराचा मिळतो. ज्या शहराचं नाव लिहिलेलं, तिथेच जायचं, पोचल्यावर पोलिसांत नोंद करायची. आजीला हे ऐकून हायसं वाटलं. "मला कुठे दुसरीकडे जायचंय?" म्हणाली.

त्या दिवसांत तिचा आवडता विषय म्हणजे घड्याळ. पाकिस्तानचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे असतं. फाळणीच्या वेळी तसं नव्हतं, १९५१ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. म्हणजे दुपारी दोनला मुंबईहून निघालं, दीड तास उडालं, तर कराचीत उतरताना तिथे तीनच वाजलेले असणार. मी तिला कागदावर दाखवलं. सूर्याच्या हिशेबानं कराची मुंबईच्या तेवीस मिनिटं मागे, सरकारी हिशेबानं तीस. आजीनं आधीची तेवीस मान्य केली, वरच्या सात मिनिटांवर ती बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "तासाभरात पोचू की." तिच्या दृष्टीनं दीड तासातला अर्धा तास घड्याळानं माफ केला होता.

गुडघ्याचं ऑपरेशन आडवं आलं. मग आजोबांचं आजारपण, मग आजोबा गेले. पुढच्या वर्षी जाऊ, असं होत होत २००८ चा नोव्हेंबर आला.

त्या तीन रात्री मुंबईतल्या प्रत्येक घरात टीव्ही चालू होता, आमच्याही. दहा माणसं कराचीहून समुद्रमार्गे निघाली होती. वाटेत त्यांनी आपल्या मच्छीमारांची कुबेर ही बोट पळवली, खलाशांना मारलं, आणि २६ तारखेच्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार नगरला ती उतरली. १६६ माणसं गेली. कराची ते मुंबई, पाण्यावरून. ज्या पाण्यावरून आजी आली होती. माझ्या मनात त्या माणसांविषयी जो राग आहे तो कमी झालेला नाही, व्हायचंही काही कारण नाही. आणि त्या रागाच्या शेजारीच मला आजी दिसते, आरामखुर्चीत, हातात माळ, टीव्हीवर नकाशा दाखवताहेत, कराचीपासून मुंबईपर्यंत ओढलेली लाल रेघ. माझ्या दोऱ्याचीच रेघ, थोडी समुद्राकडे झुकलेली. ती बराच वेळ बघत होती. मग तिनं मला विचारलं, "किती वेळ लागला त्यांना?"

बोटीत चढल्यापासून तीन-चार दिवस, मी म्हटलं.

तिनं मान हलवली. त्यानंतर पासपोर्टचा विषय तिनं काढला नाही, आम्हीही नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या कपाटात तो पासपोर्ट निघाला, एकही शिक्का नसलेला, फोटोत गोल पातळ.

परवा दुबईहून निघाले तेव्हा मी खिडकीची जागा मुद्दाम डावीकडची घेतली होती. रात्रीचं विमान. समोरच्या पडद्यावर नकाशा लावला. मस्कत मागे पडलं, आणि सगळा समुद्र सुरू झाला. विमान आग्नेयेला सरकत होतं, वर डाव्या हाताला एक ठिपका होता, नाव लिहिलेलं: कराची. सगळ्यात जवळ आला तेव्हा साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर असेल, मुंबई–दुबई वाट तिथून तेवढ्याच अंतरावरून जाते. खिडकीला कपाळ लावून पाहिलं. इतक्या लांबून दिवे दिसत नाहीत, हे ठाऊक होतं. पंखावरचा दिवा आणि खाली काळं पाणी. शेजारचा मुलगा झोपला होता, त्याचं ब्लँकेट माझ्या हातावर आलं होतं.

दुबईचं घड्याळ आपल्याहून दीड तास मागे. मुंबईची वेळ लावायची म्हणून मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काटे पुढे घेऊ लागले. आधी एक तास. तिथे थांबले. आता घड्याळात कराचीची वेळ होती: पावणेतीन. मी ते तसंच हातात धरून बसले. उतरायची घोषणा झाली तेव्हा उरलेला अर्धा तास पुढे केला.